भाऊबीजेची पंगत आणि 'फक्त कुटुंबासाठी' घरं

महोदय,

दिवाळीत गावी न गेलेल्यांविषयी बोलताना 'बिचारे एकटे' असा सूर लागतो. तो मला पटत नाही. आमच्या इमारतीत भाड्याने राहणाऱ्या मुलामुलींनी भाऊबीजेला एकत्र स्वयंपाक केला आणि आम्हा दोघा म्हाताऱ्यांनाही जेवायला बोलावलं. जळगावच्या मुलाची शेवभाजी, नागपूरच्या मुलीचा वडाभात, वर बासुंदी. जेवणाआधी ओवाळणी झाली. ओवाळणाऱ्या मुली त्या मुलांच्या सख्ख्या बहिणी नव्हत्या, पण एकाच्या डेंग्यूच्या तापात रात्रभर जागल्या होत्या त्या याच!

मुंबईला हे नवं नाही. गिरणगावात कोकण-घाटावरचे कामगार एकेका खोलीत दाटीवाटीने राहायचे, खानावळवाल्या बाईंच्या हातचं जेवायचे. त्याच बायकांना संघटित करून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभारलं. परक्याला आपलं मानूनच हे शहर वाढलं.

सर्वोच्च न्यायालयानेही २०२२ मध्ये, एका परिचारिकेच्या प्रसूती रजेच्या प्रकरणात, कुटुंब म्हणजे केवळ आई-वडील आणि मुलं एवढंच नाही, असं स्पष्ट केलं. तरीही अनेक सोसायट्या 'फक्त कुटुंबासाठी' म्हणत अशा मुलांना घर नाकारतात. आमच्याकडेही तसा ठराव येऊ घातला आहे. मी विरोधात मत देणार आहे. इतर सोसायट्यांतल्या ज्येष्ठांनीही द्यावं, ही कळकळीची विनंती.

– एक ज्येष्ठ वाचक, ठाणे