चष्म्याचे वर्णन पुरे झाले

मा. संपादक, स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला शर्ली चिझम यांच्यावरचा लेख वाचला. अमेरिकी काँग्रेसवर निवडून गेलेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री, १९६८, ब्रुकलिन, सगळे बरोबर. पण एक अख्खा परिच्छेद बाईंच्या चष्म्यावर आणि केशरचनेवर? ज्यांना हरवून त्या आल्या, त्या जेम्स फार्मर यांच्या कोटाचा रंगही सांगून टाकायचा होता.

सांगण्यासारखे होते ते मात्र गाळले. काँग्रेसमध्ये गेल्या गेल्या त्यांना शेती समितीवर टाकले, त्यातही ग्रामीण विकास आणि वनांच्या उपसमितीवर. मतदारसंघ कुठला, तर ब्रुकलिनमधल्या बेडफर्ड-स्टायव्हसंटच्या दाट वस्तीचा! नव्याने आलेल्याने मिळेल ते निमूट घ्यायचे, हा तिथला रिवाज. बाई आधी सभापती मॅकॉरमॅक यांच्याकडे गेल्या, मग पक्षाच्या बैठकीत उभ्या राहिल्या आणि नेमणूक बदलून घेतली. माजी सैनिकांची समिती मिळाली तेव्हा म्हणाल्या, माझ्या मतदारसंघात झाडांपेक्षा माजी सैनिक पुष्कळ जास्त आहेत.

मीही एका नगरपरिषदेत निवडून गेले होते. माझ्या प्रभागात पाणी टँकरने यायचे, म्हणून पाणीपुरवठा समिती लेखी मागितली. ‘ताई, तुम्ही महिला व बालकल्याण घ्या, तिथे तुमचे मन रमेल.’ मन रमवायला निवडणूक लढवली होती का मी? तरी भांडले. सभेच्या इतिवृत्तात माझी हरकत एका ओळीचीही नाही. पाणीपुरवठ्यावर गेले ते गृहस्थ ज्यांच्या प्रभागात नळ दोन्ही वेळा वाहायचे. मी शिलाई मशीन वाटपाच्या याद्या तपासत बसले.

असो. १९७२ ची राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी, डेमोक्रॅटिक पक्षाच्या मायामीच्या अधिवेशनातली १५२ मते आणि पराभव, इथे आपला लेख संपतो. अहो, बाई त्यानंतर १९८३ पर्यंत काँग्रेसमध्ये होत्या! १९७४ मध्ये घरकाम करणाऱ्या स्त्रियांना किमान वेतनाच्या कायद्यात आणण्यासाठी त्या झटल्या. दक्षिणेकडची मते जमवायला तेव्हा कामी आले ते अलाबामाचे गव्हर्नर, वंशभेदाचे कट्टर पुरस्कर्ते जॉर्ज वॉलेस. १९७२ मध्ये त्यांच्यावर गोळीबार झाला, तेव्हा बाई त्यांना रुग्णालयात भेटून आल्या होत्या आणि त्यापायी स्वतःच्याच समर्थकांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. चष्म्याऐवजी हे छापले असते तर जागा तेवढीच लागली असती.

ता. क. : बाईंचा फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा आणि शेजारी केशतेलाची अर्धे पान जाहिरात. माझे मागचे पत्र आपण निम्मे छाटलेत. या वेळी छाटायचेच झाले तर नगरपरिषदेचा भाग छाटा, वॉलेस यांचा ठेवा.

– एक माजी नगरसेविका
(नाव-पत्ता आपल्याकडे आहे, छापू नये.)