तारापोर यांचे सहा दिवस

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सप्टेंबर महिना आला की १९६५ च्या युद्धाच्या आठवणी ठिकठिकाणी छापून येतात आणि त्यांत लेफ्टनंट कर्नल अर्देशीर बुर्झोरजी तारापोर यांच्या वाट्याला साधारणपणे दोनच वाक्ये येतात. पहिले म्हणजे, त्यांच्या रेजिमेंटने शत्रूचे साठ रणगाडे उद्ध्वस्त केले. आणि दुसरे, त्यांनी हसत हसत मृत्यूला कवटाळले. पहिल्या वाक्याला परमवीर चक्राच्या मानपत्राचा आधार आहे. दुसऱ्याबद्दल मात्र माझी तक्रार आहे, कारण जो अधिकारी जखमी असूनही सलग काही दिवस रणगाड्यांची एक संपूर्ण रेजिमेंट लढवत राहिला, त्याला मरणाची हौस होती असे सुचवणारी ही भाषा त्याच्या कामावरच पांघरूण घालते.

तारापोर यांचा जन्म १८ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईत झाला आणि शालेय शिक्षण पुण्यात, सरदार दस्तुर शाळेत झाले. त्यांचे आडनाव पालघर किनाऱ्यावरील तारापूर गावावरून आलेले आहे. घराण्याचे पूर्वज रतनजीबा हे शिवाजी महाराजांच्या सेवेत होते आणि त्यांना शंभर गावांची मनसब मिळाली होती, असे या घराण्यात सांगितले जाते. सैन्यातली त्यांची सुरुवात मात्र निजामाच्या हैदराबाद संस्थानाच्या पायदळात झाली. त्यांना ओढ होती चिलखती, म्हणजे रणगाड्यांच्या दलाची, पण बदली मिळत नव्हती. ती मिळाली एका अपघातामुळे. हातबाँब फेकण्याच्या सरावात एका नवख्या जवानाचा बाँब नेमक्या जागी न पडता जवळच राहिला. तारापोर यांनी झेप घेऊन तो उचलला आणि दूर फेकला. तो फुटला आणि त्याचे तुकडे त्यांच्या छातीत घुसले. हा प्रकार संस्थानी सैन्याचे सरसेनापती मेजर जनरल एल एद्रूस यांनी स्वतः पाहिला होता. त्यांनी कौतुक करण्यासाठी बोलावले, तेव्हा या तरुणाने बढती किंवा बक्षीस न मागता लान्सर्समध्ये, म्हणजे संस्थानाच्या चिलखती रेजिमेंटमध्ये, बदली मागून घेतली.

सप्टेंबर १९४८ मध्ये याच एल एद्रूस यांनी भारतीय सैन्याचे मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्यापुढे शरणागती पत्करली. तारापोर ज्या सैन्यात होते, ते सैन्य हरले आणि पुढे विसर्जित झाले. त्यांना भारतीय सैन्यात सामावून घेण्यात आले आणि १९५१ मध्ये ते पूना हॉर्स या रेजिमेंटमध्ये दाखल झाले. बरोबर सतरा वर्षांनी, पुन्हा सप्टेंबरातच, सियालकोट आघाडीवर ते लढत होते तेव्हा भारताचे लष्करप्रमुख होते तेच जनरल चौधरी. हा योग मला कोणत्याही अलंकारिक वाक्यापेक्षा अधिक बोलका वाटतो.

पूना हॉर्सविषयीही थोडे सांगायला हवे. मी बरीच वर्षे शाळेत इतिहास शिकवला. एकदा वर्गात हे नाव घेतले, तेव्हा एका मुलाने अगदी मनापासून रेसकोर्सविषयी प्रश्न विचारला होता. वर्ग हसला, पण दोष त्या मुलाचा नव्हता. दुसऱ्या बाजीरावावर लादलेल्या १८१७ च्या पुणे करारातून उभे राहिलेले हे घोडदळ पुढे रणगाड्यांचे झाले. या एकाच रेजिमेंटच्या दोन अधिकाऱ्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले आहे. त्यांतले दुसरे, सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, यांचा जन्म पुण्याचाच.

आता त्या सहा दिवसांकडे वळतो. पाकिस्तानने १ सप्टेंबर १९६५ रोजी छांब-अखनूर भागात मुसंडी मारली होती. तो दाब कमी करण्यासाठी भारताने ६ तारखेला लाहोरची आणि ८ तारखेला सियालकोटची आघाडी उघडली. ११ सप्टेंबरला सियालकोट आघाडीवरचे फिल्लोरा जिंकण्यासाठीच्या मुख्य चढाईचे काम पूना हॉर्सकडे आले. फिल्लोरा आणि चाविंडा यांच्या मधून घुसायचे आणि फिल्लोऱ्यावर पाठीमागून अचानक चाल करायची, अशी योजना होती. वाटेतच वझीरवालीच्या बाजूने शत्रूचे रणगाडे चालून आले. रेजिमेंटच्या अग्रभागी असलेले तारापोर जागचे हलले नाहीत. त्यांनी तो हल्ला थोपवला आणि रणगाड्यांची एक तुकडी (स्क्वॉड्रन) व पायदळाची एक पलटण घेऊन, तोफांचा मारा चालू असतानाच, फिल्लोऱ्यावर हल्ला चढवला. ते जखमी झाले. मागे जाण्यास त्यांनी नकार दिला. फिल्लोरा त्याच दिवशी हाती आले.

हा नकार म्हणजे वीरश्रीचा झटका होता असे मला वाटत नाही. रणगाड्यांची लढाई वेगाने पालटते. बुरूजाचे झाकण लावून आत बसलेल्या अधिकाऱ्याला काचेच्या फटीतून दिसेल तेवढेच रणांगण दिसते, आणि बिनतारी यंत्रावरचा ओळखीचा आवाज हाच विखुरलेल्या रणगाड्यांना जोडणारा धागा असतो. असा आवाज ऐन लढाईत बदलला तर काय होते, हे कमांडिंग ऑफिसरइतके कोणाला ठाऊक असणार? १४ तारखेला त्याच जखमी अवस्थेत त्यांनी वझीरवाली जिंकले आणि १६ तारखेला जस्सोरान व बुतूर डोगरांडी. त्यांच्या स्वतःच्या रणगाड्यावर अनेकदा गोळे आदळले. पायदळाला चाविंड्यावर पाठीमागून हल्ला करता यावा म्हणून ही दोन ठिकाणे खुंट्यासारखी घट्ट धरून ठेवायची होती, आणि ती त्यांनी धरून ठेवली. त्याच दिवशी त्यांना प्राणघातक जखम झाली. मानपत्रानुसार शत्रूचे सुमारे साठ रणगाडे नष्ट झाले आणि पूना हॉर्सचे फक्त नऊ कामी आले. त्यापुढचे वाक्य आपण सहसा छापत नाही: कर्नल पडल्यानंतरही रेजिमेंट लढत राहिली. अधिकाऱ्याची खरी परीक्षा मला तिथे दिसते.

याच बुतूर डोगरांडीच्या लढाईत आठव्या गढवाल रायफल्सचे कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल झिराड हेही कामी आले. ते कोकणातल्या ज्यूंच्या बेने इस्राएल समाजाचे. झिराड हे अलिबागजवळचे गाव, तारापूर पालघरचे. कोकण किनाऱ्यावरच्या दोन गावांची नावे लावणारे दोन कर्नल पंजाबच्या उसाच्या शेतांत एकाच गावासाठी लढताना गेले, याची नोंद मराठी वाचकाने तरी ठेवायला हरकत नाही.

चाविंडा मात्र हाती आले नाही. २३ सप्टेंबरला युद्धबंदी झाली आणि जानेवारी १९६६ च्या ताश्कंद करारानंतर जिंकलेला मुलूख परत करण्यात आला. गौरवलेखांतून ही गोष्ट गाळली जाते, बहुधा तिने बलिदानाला उणेपणा येईल या भीतीने. तसा तो येत नाही. सोपवलेले काम कर्नलने केले. मोहीम पुढे काय झाली, हा वेगळा हिशेब आहे.

मरणाचा विचार त्यांनी केला होता, पण तो संसारी माणसाच्या रीतीने. रणभूमीवरच त्यांनी आपले सहकारी मेजर चीमा यांना सांगून ठेवले होते की, आपण पडलो तर इथेच दहन करावे. प्रार्थनेचे पुस्तक आईला, सोन्याची साखळी पत्नीला, अंगठी मुलीला, कडे व पेन मुलाला द्यावे. पारशी माणसाने दहन मागणे ही लहान गोष्ट नव्हे. त्यांच्या इच्छेप्रमाणे रणांगणावरच अंत्यसंस्कार झाले. तेव्हा त्यांचे वय ४२ होते. आजवर परमवीर चक्र मिळालेल्या एकवीस जणांमध्ये लढतानाच्या हुद्द्याने ते सर्वांत वरचे.

जानेवारी २०२३ मध्ये अंदमानातील एका बेटाला त्यांचे नाव देण्यात आले, हे चांगलेच झाले. माझी मागणी त्याहून लहान आहे. येत्या १६ सप्टेंबरला आपण त्यांच्या मानपत्राचा पूर्ण मजकूर मराठीत छापावा. तो एका स्तंभात सहज मावेल. त्यात गावांची नावे आहेत, तारखा आहेत, रणगाड्यांचा हिशेब आहे. मृत्यूला कवटाळल्याचा उल्लेख कुठेही नाही.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, पुणे