साडेबावीस रुपयांचा तांदूळ आम्हालाही द्या

प्रति,
मा. केंद्रीय अन्न व सार्वजनिक वितरण मंत्री,
कृषी भवन, नवी दिल्ली

महोदय,
स. न. वि. वि.

पत्र मराठीत लिहिते आहे, कारण राग मला याच भाषेत नीट येतो. वाचून दाखवणारं कुणीतरी आपल्याकडे असेलच.

मी मराठवाड्यातली. चार एकर कोरडवाहू, घरात पाच माणसं, केशरी कार्ड. मराठवाड्याचे आठ, विदर्भाचे सहा अशा 14 जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या आत्महत्या फार, म्हणून 2015 पासून आमच्यासारख्या केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना माणशी महिना पाच किलो धान्य मिळायचं. गहू 2 रुपये, तांदूळ 3 रुपये. 2022 मध्ये केंद्राकडून ते धान्य येणं थांबलं. मग राज्याने घरातल्या बाईच्या खात्यावर माणशी महिना 150 रुपये सुरू केले, पुढे 170 केले. आमचे पाच जणांचे 850. गेले पाच महिने तेही नाहीत.

परवा तालुक्याला गेले. एसटीचं अर्धं तिकीट, तेवढी एक गोष्ट सरकारची चालू आहे. खिडकीवरच्या माणसाने बारा अंकी नंबर टाकला आणि मान वर न करता म्हणाला, "निधी आला नाही. पुढच्या महिन्यात बघा." मी विचारलं, पैसे नाहीत तर धान्यच द्या की पूर्वीसारखं. तो हसला. म्हणाला, "ताई, धान्य कुठंय?"

धान्य कुठंय ते मी सांगते. 1 एप्रिल 2025 ला तुमच्या कोठारात न भरडलेल्या धानासकट 6 कोटी 30 लाख टन तांदूळ होता. त्या तारखेला असायला हवा 1 कोटी 36 लाख टन. साडेचार पटीहून जास्त! आकडा थोडा इकडंतिकडं असेल, मोबाईलवर वाचलेला आहे. पण पोतं-दोन पोत्यांनी काय फरक पडतो?

आणि त्यातला 52 लाख टन 2024-25 साठी पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलला दिलात. किलोला 22 रुपये 50 पैसे. मी दुकानात जाडाभरडा तांदूळ 42 ने आणते, निवडताना बोटाला खडे लागतात. आम्हा 14 जिल्ह्यांची पन्नास लाख तोंडं धरली, तरी माणशी महिना पाच किलोने वर्षाला 3 लाख टन होतात. बावन्नातले तीन. गाडीच्या टाकीला मिळतो त्या भावाने द्या, फुकट नको.

तुम्ही म्हणाल, 2022 मध्ये गहूच नव्हता. खरंय. मार्चमध्ये ऊन असं पडलं की दाणा भरलाच नाही. आदल्या वर्षी 433 लाख टन खरेदी होती, ती 188 वर आली. पण त्याच एप्रिलमध्ये आपण जगाला धान्य पुरवायला निघालो होतो ना? 13 मेला निर्यात बंद. महिनाभरात! घरात कणगी किती भरली आहे ते बघून माणूस पाहुणे बोलावतो, साहेब. एप्रिल 2024 ला गहू 75 लाख टनांवर आला, सोळा वर्षांतला सर्वांत कमी. तोवर आमचं नाव कधीच कापलेलं होतं. बरं, तुटला गहू, मग आमचा तांदूळ का बंद केलात?

हे नवीन नाही म्हणा. 2002 च्या जुलैमध्ये 6 कोटी टनांच्या वर साठा होता आणि भुकेचा खटला सुप्रीम कोर्टात चालू होता. चार वर्षांत, एप्रिल 2006 ला, गहू 20 लाख टन उरला आणि बाहेरून आणावा लागला. 2010 मध्ये कोर्टानेच सांगितलं की धान्य सडवण्यापेक्षा गरिबांना वाटा. कधी उतू जातं, कधी तळ दिसतो, आणि दोन्ही वेळा आम्ही खिडकीच्या याच बाजूला.

माझ्या सासूबाईंनी 72 चा दुष्काळ काढलाय. खडी फोडायच्या, कामावर सुकडी मिळायची, रेशनला अमेरिकेची लाल ज्वारी, मिलो. तिची भाकरी थापताना कडेने फाटायची, असं अजून हाताने करून दाखवतात. परवा मी परत आल्यावर त्यांनी विचारलं, "मग आता बी दुष्काळ हाय का?" काय सांगू? कोठार भरलंय म्हणून सांगू?

आणि आम्ही काही आयतं मागणारे नाही. या चार एकरांत ज्वारी पिकते. तुम्ही तिला 'श्री अन्न' म्हणालात. नावामागे श्री लागली, पण आमच्या तालुक्यात तिचं खरेदी केंद्र मी पाहिलं नाही. पंजाबात भाताला हमखास गिऱ्हाईक सरकार, म्हणून जमिनीखालचं पाणी उपसून तिथं भात. तोच मग इथेनॉलला. 2025-26 ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 होता, आमच्या हातात पडले चार हजार. पिकवताना आमचा भाव तुम्ही पाडता, खाताना आमचं नाव तुम्ही कापता.

अन्नसुरक्षेच्या यादीत नाव घाला म्हटलं तर इष्टांक, म्हणजे ठरवून दिलेली माणसांची संख्या, शिल्लक नाही. अजून 2011 च्या जनगणनेवर चाललंय. माझी दोन्ही लेकरं त्यानंतरची. तुमच्या हिशेबात ती जन्मलीच नाहीत, जेवतात मात्र रोज. त्या यादीसाठी खेड्यात वर्षाच्या उत्पन्नाची मर्यादा 44,000, ती 2013 ची. सोयाबीनच्या विक्रीची पट्टी 50,000 ची आली की आम्ही श्रीमंत. बियाणं, खत, फवारणी त्या पट्टीवर लिहिलेलं नसतं.

मागणी एवढीच: 14 जिल्ह्यांचं धान्य परत सुरू करा, नाहीतर लेखी कळवा की देणार नाही. पाच महिन्यांचे 4,250 राज्याकडे अडकलेत, त्यांचं मी त्यांच्याशी भांडेन. पुढच्या सोमवारी परत जायचंय. खिडकीवरचा तोच माणूस असेल, आणि त्याने पुन्हा धान्य कुठंय विचारलं, तर तुमच्या कोठारांचा पत्ता मी त्याला कागदावर लिहून देणार आहे.

आपली,
एक केशरी कार्डधारक