फटक्यांनी सुटणारा प्रश्न नव्हे

‘हट्टी मुले, हतबल पालक’ हा लेख वाचला. मुलांच्या हट्टामागे पालकांचे लाडच असतात, हे त्यातील सरसकट विधान पटले नाही. माझ्या सहा वर्षांच्या मुलाला स्वमग्नता (ऑटिझम), एडीएचडी (लक्ष न टिकणे व अतिचंचलता) आणि उशिरा बोलणे असे तिहेरी निदान आहे. दादरच्या पुलावर उद्घोषणा कर्कश झाली, की तो कान दाबून खालीच बसतो. मागून ‘दोन ठेवून द्या’ हा सल्ला येतो, तोही फुकट. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. त्यामुळे शाळा एका निदानाला सवलत देते आणि दुसऱ्यासाठी ‘शिस्त नाही’ असा लाल शाईचा शेरा. एकाच मुलाच्या डायरीत! लेखकाने आमच्यापैकी कोणाशी तरी बोलून लिहायला हवे होते.

– एक आई, परळ, मुंबई