पुरुषांच्या तपासणीत हा एक प्रश्न हवा

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीत गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लशीविषयी आलेला लेख वाचला. लेख चांगला आहे, पण हा कर्करोग घडवणारा एचपीव्ही विषाणू फक्त बायकांच्याच वाट्याला येतो, असा समज त्यातून होऊ शकतो. शिश्नाच्या कर्करोगाच्या साधारण निम्म्या रुग्णांमध्ये हाच विषाणू सापडतो आणि २०२३ मध्ये पुण्याहून बाजारात आलेली सर्व्हाव्हॅक ही लस मुलग्यांसाठीही मान्यताप्राप्त आहे.

मी सोलापूर जिल्ह्यात आरोग्यसेवक म्हणून नोकरी करून निवृत्त झालो. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी ज्या बार्शीत १९८७ साली सुरू झाली, त्याच भागातला मी. तरीही माझ्या सख्ख्या चुलत्यांचा शिश्नाचा कर्करोग माझ्या ध्यानात यायला वर्ष गेले. ते आपले धोतर स्वतःच वेगळे धुऊ लागले होते आणि थंडी पडली तरी ओसरीवरच झोपत होते. म्हातारपणाचा तऱ्हेवाईकपणा, असे म्हणून आम्ही ते सोडून दिले. पुढे त्यांच्या उशाखालच्या पिशवीत खाजेच्या मलमाच्या सहा-सात ट्यूब मिळाल्या, शेवटच्या थेंबापर्यंत पिळलेल्या. जांघेत गाठ आली तेव्हाही ‘पायाला काही लागलं असेल, अवधाण आलंय’ म्हणत त्यांनी तिच्यावर हळद-चुन्याचा लेप लावला होता.

पुढची कातडी तरुणपणापासूनच पुरती मागे सरकत नाही, हे त्यांनी पहिल्यांदा सांगितले ते सर्जनसमोर. या अवस्थेला डॉक्टर फायमोसिस म्हणतात. अशा कातडीखाली स्वच्छता राहत नाही, सूज वर्षानुवर्षे धुमसते आणि मुख्य म्हणजे आत झालेली जखम कोणाला, अगदी रुग्णालाही, दिसत नाही. त्यात तंबाखूची भर पडली की या कर्करोगाचा धोका आणखी वाढतो. (लहान मुलाची कातडी मागे न सरकणे हे मात्र बहुधा नैसर्गिक असते, आईबापांनी ती जोर लावून ओढू नये.)

‘सगळंच कापून टाकतात’ ही धास्ती माणसाला दवाखान्यापासून लांब ठेवते, आणि ती बरीचशी जुन्या काळची आहे. तुकडा तपासून निदान झाल्यावर आजार अगदी वरवरचा असेल तर औषधी मलम किंवा लेसर पुरते. तो पुढच्या कातडीपुरताच असेल तर सुंता करून भागू शकते. आणि काही निवडक रुग्णांना शस्त्रक्रियेऐवजी किरणोपचार देता येतात. पूर्वी गाठीभोवतीचा दोन सेंटिमीटर निरोगी भागही काढला जाई, आता काही मिलिमीटर पुरेसे मानले जातात, त्यामुळे अवयव वाचण्याचे प्रमाण वाढले आहे. रुग्णाचे पुढे काय होणार हे मात्र मुख्यतः जांघेतल्या गाठींवर, म्हणजे तिथल्या लसिकाग्रंथींवर, ठरते. आजार तिथे पोचला की त्या गाठी काढाव्या लागतात, कधी त्याआधी केमोथेरपीही द्यावी लागते.

चुलत्यांचा अर्धा अवयव गेला आणि दोन्ही जांघांतल्या गाठी काढल्या. उजवा पाय अजून सुजतो, घट्ट मोजा घालावा लागतो. पण ते उभे राहून लघवी करतात, आणि याचे समाधान त्यांना किती आहे हे मी पाहतो. ‘हे वर्षभरापूर्वी आले असते तर सुंतेवर निभावले असते,’ असे सर्जन म्हणाले.

सरकारच्या तिशीपुढच्या तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांची चाचपणी होते. म्हणजे पुरुषाचे फक्त तोंड पाहिले जाते. कातडी मागे सरकते का आणि तिथे तीन-चार आठवड्यांत न भरलेली जखम, गाठ किंवा दुर्गंधीयुक्त स्राव आहे का, एवढे त्याच वेळी विचारायला दोन मिनिटेही लागणार नाहीत. मधुमेह्यांना तर अवश्य विचारावे, कारण उतारवयात त्यांची कातडी नव्याने आवळू शकते. प्रश्न पुरुष कर्मचाऱ्याने, वेगळ्या खोलीत विचारावा. नोकरीच्या एवढ्या वर्षांत तो मी कोणालाच विचारला नाही, चुलत्यांनाही नाही.

आपला,
एक निवृत्त आरोग्यसेवक, जि. सोलापूर