मार्सेलसच्या नाट्यगृहावरची घरे

महोदय,

रोममधील मार्सेलसच्या नाट्यगृहावरील आपल्या रविवार पुरवणीतला लेख माहितीपूर्ण आहे. मात्र १९२६ ते १९३२ या काळात मुसोलिनीच्या राजवटीने कमानींतली दुकाने आणि भोवतालची घरे हटवून ही वास्तू मोकळी केली, या कौतुकाच्या सुराशी मी सहमत नाही.

नाट्यगृहासाठी जागा मोकळी करण्याचे काम ज्युलियस सीझरने सुरू केले. बांधकाम ऑगस्टसने पूर्ण केले आणि अकाली वारलेल्या मार्सेलसचे, म्हणजे आपल्या भाच्याचे व जावयाचे, नाव त्याला दिले. (उद्घाटनाच्या वेळी आसनाचे सांधे निखळून सम्राट उताणा पडला, असे त्याच्या रोमन चरित्रकाराने नोंदवून ठेवले आहे.) टेकडीच्या उताराचा आधार नसल्याने सपाट जमिनीवर कमानदार छतांचे गाळे अर्धवर्तुळात रचून त्यांवर प्रेक्षकांच्या पायऱ्या चढवलेल्या होत्या, आणि नाटके थांबल्यावर हेच गाळे कामी आले. चौथ्या शतकात इथला दगड टायबर नदीवरील पुलाच्या दुरुस्तीसाठी नेला गेला. तरीही ही वास्तू पुरती लुटली गेली नाही, कारण मध्ययुगात सरदार घराण्यांनी तिची गढी केली, सोळाव्या शतकात सावेल्ली घराण्यासाठी बाल्दासारे पेरुत्सी या वास्तुविशारदाने वर वाडा उभारला आणि खालच्या कमानींत कारागीर व दुकानदार बसले. ज्या भिंतीवर आपले घर उभे आहे, तिचा दगड कोण काढू देईल?

आजही तळमजल्यावर डोरिक, दुसऱ्या मजल्यावर आयोनिक या ग्रीक शैलींचे अर्धस्तंभ (भिंतीतून अर्धे बाहेर आलेले खांब) आणि त्यांच्या डोक्यावर, एकेकाळच्या तिसऱ्या मजल्याच्या जागी, वाड्याची साधी भिंत व खिडक्या दिसतात. आत माणसे राहतात. पाडकामामुळे मातीत अर्धवट गाडलेल्या खालच्या कमानी पूर्ण उंचीने दिसू लागल्या, हा लाभ मला मान्य आहे. परंतु त्यासाठी शतकानुशतके नांदती असलेली वस्ती पुसली गेली, आणि त्याच सपाट्यात समुद्राकडे जाणारा रुंद रस्ता आखला गेला, याचा लेखात उल्लेखही नसावा, हे खटकते.

रोमचे पहिले दगडी कायमस्वरूपी नाट्यगृह, इ.स.पू. ५५ मधले, रोमन सेनापती पॉम्पीने बांधलेले, असे मोकळे करण्यात आलेले नाही. तिथली घरे प्रेक्षागृहाच्या जुन्या वळणावरच बांधलेली असून काहींच्या तळघरांत रोमन भिंती आहेत. लेखकाने पुढील भागात या नाट्यगृहाविषयीही लिहावे, अशी विनंती आहे.

– एक वाचक