राणीच्या बागेतले पेंग्विन बर्फातले नाहीत हो!

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी मुलांच्या पानावर राणीच्या बागेतल्या पेंग्विनचा फोटो छापलात, खाली ओळ होती 'बर्फाच्या देशातले पाहुणे'. फोटो झकास, पण ती ओळ वाचून राहवलं नाही म्हणून हे पत्र.

मे महिन्यात भाच्याला घेऊन तिथे गेले होते, काचेपुढे ही गर्दी, आणि मागे एक काका जोरजोरात सांगत होते की अहो बर्फच नाही ठेवला यांना, कसे जगणार बिचारे! काकांना काय बोलणार, त्यांनी पण कुठेतरी असंच वाचलं असणार ना.

तर हे २०१६ मध्ये सोलहून आणलेले हम्बोल्ट जातीचे पेंग्विन, मूळचे पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. तिथे एका बाजूला अटाकामाचं रखरखीत वाळवंट आणि दुसऱ्या बाजूला गारेगार समुद्र. दक्षिणेकडून थंड पाण्याचा प्रवाह किनाऱ्याला धरून वर येतो, शिवाय वाऱ्याने वरचं पाणी किनाऱ्यापासून लांब भर समुद्राकडे ढकललं जातं आणि खालचं अजून थंड पाणी वर येतं, त्याच्याबरोबर समुद्राच्या पोटातलं सगळं खतपाणी पण वर, मग त्यावर मासेच मासे, विशेषतः अँकोव्हेटा, म्हणजे आपल्या मांदेलीच्या कुळातलाच. पेंग्विन जगतात ते ह्या माशांवर. एल निनोच्या वर्षी पाणी गरम झालं की मासे खोल जातात नाहीतर लांब सरकतात, आणि उपाशी आईबाप अंडी पिल्लं सोडून निघून जातात. १९८२-८३ च्या एल निनोत पेरूतली त्यांची संख्या धाडकन खाली आली होती.

उलट जमिनीवर त्यांना त्रास होतो तो उन्हाचा. थंड पाण्यासाठी बनलेली दाट पिसं अंगावर आणि डोक्यावर वाळवंटाचं ऊन, म्हणून चोचीपाशी ती गुलाबी उघडी कातडी असते, तिथून अंगातली उष्णता बाहेर जाते. घरटं पण सावलीसाठी बीळ खणून, तेही पक्ष्यांच्या विष्ठेच्या थरात, ग्वानो म्हणतात त्याला. हा ग्वानो उत्तम खत, त्यामुळे एकोणिसाव्या शतकात माणसांनी तो जहाजं भरभरून युरोपला विकला आणि ह्यांना खणायला जागाच उरली नाही. (घर खरवडून शेतात टाकलं म्हणा ना.)

बर्फ खरंच लागतो तो अंटार्क्टिकातल्या एम्परर पेंग्विनला. तिथे नर ऐन हिवाळ्यात दोन महिने पायावर अंडं घेऊन उपाशी उभा राहतो, पिल्लं वाढतात ती पण समुद्रावर गोठलेल्या बर्फावरच. २०२२ च्या शेवटी बेलिंग्सहाउझेन समुद्रात हा बर्फ लवकर फुटला, पिल्लांना पाण्यात टिकतील अशी पिसं यायच्या आधीच, आणि पाचपैकी चार वसाहतींत बहुतेक एकही पिल्लू वाचलं नसावं असं सॅटेलाइट फोटोंवरून दिसलं. बर्फाची बातमी करायची तर ही करा की.

भाच्याने मला अडवलंच, मावशी, बर्फातले नाहीत तर मग एसी कशाला? म्हटलं अरे त्यांच्या समुद्राचं पाणी १५ ते १९ डिग्रीच्या आसपास आणि आपल्या गिरगावचं जवळजवळ २८, गारवा तर लागणारच. त्याला पटलं, बाहेर आल्यावर स्वतःसाठी मात्र बर्फाचा गोळाच मागितला.

तेव्हा पुढच्या वेळी फोटोखाली पेरू-चिलीचं नाव टाका एवढंच. आणि हो, 'पाहुणे' पण जरा जपूनच लिहा, त्यातले कितीतरी भायखळ्यातच अंड्यातून बाहेर आलेत.

एक वाचक, डोंबिवली